खाऱ्या पाण्याची रेघ

सून : मेली, बाबा.

सासरे : कोण मेली?

सून : ती कोळंबी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. वाळूत आडवी पडलीये, पाय वर करून.

सासरे : आडवं पडलं की मेलं, असं असेल तर मीही गेलोच म्हणायचं. सोमवारपासून पालथा पडलोय.

सून : ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यात हवा भरलीये, ती मागच्या पडद्याला टेकून राहायला हवी म्हणून पडलाय. हिला कुणी सांगितलं पडायला? आणि मान उचलू नका! उशीच्या भोकात तोंड घाला बघू आधी.

सासरे : घातलं. तू नीट बघ. रंग काय आहे तिचा?

सून : तांबडा... नाही, थांबा. तांबड्याची नुसती छटा आहे. भिंतीला पहिला हात मारून कारागीर चहाला गेला की दिसते तशी. मागची वाळू आरपार दिसतेय.

सासरे : आरपार दिसतेय ना? मग ती कोळंबी नव्हे, तिचा सदरा आहे. कात टाकलीन तिनं. डावीकडच्या कपारीत बघ, खडकाच्या मागच्या अंगाला.

सून : कपारीत काळोख आहे. काही नाही... अगंबाई! मिश्या! दोन पांढऱ्या मिश्या हलतायत!

सासरे : नवा सदरा कडक होईपर्यंत बाई चारचौघांत येत नाहीत. उद्या येतील मिरवत.

सून : माझ्या काळजाचं पाणी झालं होतं, बाबा.

सासरे : खारं की गोडं?

सून : थट्टा सुचतेय तुम्हाला! रविवारी दातांचे डॉक्टर ही माशांची टाकी बघायला येणार आहेत आणि इथं एकेक जण पाय वर करतोय, असं वाटलं मला.

सासरे : तेच तर. तुला *वाटलं*. आता मी सांगतो ते ध्यानात ठेव. मला इथून फरशीशिवाय काही दिसत नाही. तुझे डोळे तेच माझे डोळे. तेव्हा दिसतं ते सांगायचं, वाटतं ते सांगायचं नाही. 'आडवी आहे' हे दिसणं. 'मेली' हे वाटणं. वाटायचं काम माझं.

सून : म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या.

सासरे : उंटावरून कुठं? उंटाखालून म्हण. बरं, ते दातवाले खरंच येणार?

सून : तुमच्या चिरंजिवांनी कालच फोन केला त्यांना. दवाखान्यात बाकासमोर जागा केलीये म्हणे त्यांनी. पेशंट माशांकडे बघत बसले की दात दुखायचे थांबतात.

सासरे : ठरलं काय होतं पण? मी उठून बसेन त्या दिवशी टाकी धडधाकट असली, तर ती इथंच राहील. नसली तर न्यावी. माझ्यादेखत बोललाय तो.

सून : हो, आणि तुम्ही उठून बसणार रविवारी. म्हणून रविवारीच बोलावलंय. विमा तपासणारा माणूस आहे तो बाबा, तारीख चुकवतोय होय?

सासरे : माझंच रक्त. बरं, चल. प्रवाळांकडे ये. डावीकडून सुरू कर, काट्यासारखी गोल फिर.

सून : घड्याळाच्या ना? उभा जन्म घड्याळं दुरुस्त केलीत, पण अजून दुकानातच आहात तुम्ही. हं, डावीकडे ती बटणांसारखी गोल प्रवाळं. मिटलीयेत.

सासरे : सगळी?

सून : कडेची दोन-तीन किलकिली आहेत. बाकी सगळी घट्ट.

सासरे : काल?

सून : काल निम्मी उघडी होती. मग त्यांच्याशेजारी तो हातमोजा.

सासरे : कोण हातमोजा?

सून : तो नाही का, जाड बोटांचा. बोटांच्या टोकाला हिरवे मणी असतात. पाण्याबरोबर हेलकावे खात असतो, मला आवडतो तो. आज बोटं आत ओढून घेतलीयेत त्यानं. बुडाचा सांगाडा दिसतोय, चुन्यासारखा. बाबा, एक विचारू? हे झाड म्हणायचं की दगड?

सासरे : प्राणी.

सून : काहीतरीच.

सासरे : दगड त्यानं बांधलेलं घर. आत राहतो तो जीव. एक नाही, शेकडो. आणि त्यांच्या अंगात आणखी बारीक भाडेकरू. ते उजेड खातात आणि घरमालकाला जेवू घालतात. तो रंग दिसतो ना, त्यात मोठा वाटा भाडेकरूंचा असतो. मालकाची तब्येत बिघडली की भाडेकरू घर सोडतात. मग घर पांढरं पडतं.

सून : आणि मालक?

सासरे : काही दिवस तग धरतो. पण जेवायला घालणारं कुणी नसेल तर किती दिवस धरेल?

सून : ...इतके दिवस मी याच्यासमोरून चहाचा ट्रे घेऊन जातेय, आणि शोभेची वस्तू समजत होते.

सासरे : पुढं चल. मधल्या खडकावरची शिंगं.

सून : शिंगं काय, ती कधीची फिकी होतायत.

सासरे : कधीची म्हणजे?

सून : म्हणजे आधी जांभळी होती ना. गडद. मग त्यात कुणी पांढरा कालवत गेल्यासारखी होत गेली. आता राखाडी म्हणावी अशी आहेत, आणि बुडाशी पांढरीच.

सासरे : मला तर जांभळीच दिसत होती.

सून : असतील. मला वाटलं, वयानं होत असेल. शिंगांच्या म्हणते मी.

सासरे : तू दिवसभर रंगाच्या दुकानात शेडी जुळवत असतेस. तुला चुन्यातही सात रंग दिसतात.

सून : चुन्यात सात नसतात, चार असतात. आणि गिऱ्हाईक म्हणतं 'तोच रंग द्या', तेव्हा तोच देते मी. जुन्या भिंतीवर नवा हात मारला तरी जोड कळत नाही. तेव्हा फिकी म्हणजे फिकी, बाबा.

सासरे : बरं बाई, फिकी. मासे?

सून : नारिंगी जोडी आहे आपल्या कोपऱ्यात. त्यांचं काही म्हणणं नाही. तो पिवळा मात्र धापा टाकल्यासारखा करतोय. गालाची झाकणं भराभर उघडतायत.

सासरे : हं. हे बरं नाही. काचेवरच्या त्या मीटरवर आकडा काय आहे?

सून : सव्वीस.

सासरे : ऊब बरोबर आहे. पंपाचा आवाज मला इथं ऐकू येतोय, तोही बरोबर आहे. वास?

सून : समुद्राचा. ओल्या दोरखंडाचा म्हणा.

सासरे : सडका नाही ना?

सून : नाही हो. चांगला आहे. मला तर फिरायला जावंसं वाटलं.

सासरे : मग राहिलं मीठ. कपाटाच्या वरच्या खणात काळी नळी असेल, बोटभर लांबीची, एका टोकाला तिरकी काच. सांभाळून काढ, ती टाकीपेक्षा लाडकी आहे.

सून : तुमचं घड्याळं बघायचं भिंग नाही ना हे?

सासरे : भिंग शेजारी असेल. त्याला हात लावू नकोस.

सून : नाही लावत. सापडली नळी. आता?

सासरे : झाकण उघड. टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब काचेवर टाक. झाकण मीट आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघ. एक डोळा मीट.

सून : कुठला?

सासरे : तुझी मर्जी. मी आपला उजव्यानंच बघतो. कामाचा डोळा तो. डावा नुसता तोंडदेखला.

सून : अय्या! केवढं सुंदर आहे हे! वर निळं, खाली पांढरं, आणि मधे रेघ. असा निळा मला कुणी मागितला ना, तर डबे फोडून फोडून मरेन मी.

सासरे : रेघ कुठं आहे? बाजूला आकडे असतील. पस्तिसावर हवी.

सून : पस्तिसावर नाही.

सासरे : आसपास असेल.

सून : चाळिसावर आहे.

सासरे : शक्य नाही. परत बघ.

सून : बघितलं. चाळीस.

सासरे : अगं, नळी हलली असेल. तिची रेघ आधी जुळवायची असते. निळ्या कॅनमधलं पाणी घे, त्यात मिठाचा कण नाही. ते शून्य दाखवायला हवं. नाही दाखवलं तर नळी खोटी.

सून : पुसते आधी. हं... शून्य.

सासरे : शून्य?

सून : काट्यावर शून्य. नळी सज्जन आहे.

सासरे : मग तू काय केलंस ते सांग.

सून : मी?

सासरे : रोज टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं. तेवढं गोडं पाणी घालायचं, निळ्या कॅनमधलं. तू पांढऱ्या कॅनमधलं घातलंस. खारं.

सून : नाही घातलं.

सासरे : सगळे नवशिके हीच चूक करतात. खारी टाकी, म्हणून खारं पाणी. अगं, पाणी उडून जातं, मीठ थोडंच उडतं? ते मागंच राहतं. वरून आणखी मीठ ओतलंस की—

सून : बाबा, मला हे तुम्ही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलंत, ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचरवरून सांगितलंत, आणि भूल उतरताना सांगितलंत. नर्ससुद्धा पाठ म्हणत होती, 'निळा गोडा, पांढरा खारा.' मी निळ्यातलंच घातलं. आत्ता त्याच कॅननं शून्य दाखवलं. तुमच्यादेखत.

सासरे : माझ्यादेखत काही होत नाही सध्या.

सून : पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते तुम्हालाच!

सासरे : चिडू नकोस. विचार करू दे. पांढरा कॅन मग कधीच उघडला नाहीस?

सून : एकदा उघडला. बुधवारी. तुम्हीच म्हणालात, टाकीतलं एक बादली जुनं पाणी काढ आणि पांढऱ्यातलं एक बादली घाल. आठवड्याचा नेम चुकवायचा नाही म्हणून.

सासरे : ते बरोबरच आहे. ते पाणी मीच मीठ कालवून ठेवलं होतं. पस्तिसाला आणून.

सून : मग तेही बघू का नळीत?

सासरे : त्याची गरज नाही.

सून : बघतेच. माझ्यावर आळ आलाय. दोन थेंब... झाकण... खिडकी.

सासरे : काय दिसतं?

सून : बाबा—

सासरे : दिसतं ते सांग.

सून : चव्वेचाळीस.

(सासरे उशीच्या भोकात तोंड आणखी खोल घालतात.)

सून : बाबा? झोप लागली का?

सासरे : नाही.

सून : तुमची मिठाची पिशवी नवीन होती का? जास्त खारट मीठ आलं असेल या खेपेला.

सासरे : मीठ तेच आहे. ते पिशवी बघून घालायचं नसतं, रेघ बघून घालायचं असतं. थोडं घालायचं, ढवळायचं, नळीत बघायचं. रेघ पस्तिसावर आली की थांबायचं.

सून : मग?

सासरे : मग ती येईना. मी घालत राहिलो.

सून : येईना म्हणजे? तुम्हाला दिसेना?

सासरे : मधे एक डाग असायचा. जिकडं बघावं तिकडं तो आधीच जाऊन बसलेला. रेघ असायची, पण वाकडी. ओल्या कागदावर आखल्यासारखी. आकडे तर मधले गायबच. मग मी अंदाज बांधायचो. आणि गंमत सांगू तुला? रेघ जिथं असायला हवी, तिथंच मला ती दिसायची.

सून : तुम्ही तर डॉक्टरांना म्हणालात, आठवडा झाला त्रास होऊन.

सासरे : म्हणालो.

सून : शिंगं फिकी पडायला लागून चांगले दोन महिने झाले असतील, बाबा. मी दुकानात नवीन रंगांची पत्रकं लावत होते तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं मला, यांचा जांभळा उतरलाय. आणि त्याच सुमाराला तुम्ही कपाच्या बाहेर चहा ओतला होतात.

सासरे : हात थरथरला म्हणालो होतो.

सून : हो. आणि मी तुमच्यासाठी हातांना मालिश करायचं तेल आणलं!

सासरे : तेल चांगलं होतं.

सून : हसवू नका. का नाही सांगितलंत?

सासरे : काय सांगायचं? तुला ठाऊक नाही, केसाएवढी कमान असते घड्याळात. ती मी या उजव्या डोळ्यानं बसवायचो. लोक दुसऱ्या गावाहून यायचे, म्हणायचे, याच्या डोळ्यात माप आहे. दुकान बंद केलं तेव्हा वाटलं, डोळा तर आहे अजून. त्याला काम हवं. म्हणून ही टाकी. बटणं मोजायची, रेघ बघायची, कुणाचा रंग कसा आहे बघायचं. तो डोळाच गेला, तर मग घरात उरलं कोण? फरशीकडे तोंड करून पडलेला म्हातारा.

सून : त्या म्हाताऱ्यानंच आत्ता इथं पडल्या पडल्या न बघता शोधून काढलं की काय झालंय ते.

सासरे : शोधून काढलंस तू. मी तर तुलाच चोर ठरवत होतो.

सून : ते खरं. त्याबद्दल मी रागावणार आहे, पण नंतर. आधी सांगा, ही वाचतील का?

सासरे : बटणं वाचतील. हातमोजा वाचेल. शिंगांचं बुड पांढरं झालंय ते गेलं, शेंडे राखता आले तर पुन्हा फुटतील. पण हळूहळू. टाकीतलं एक तांब्या पाणी काढायचं, एक तांब्या निळ्या कॅनमधलं घालायचं. मग थांबायचं. संध्याकाळी पुन्हा एक. एकदम उतरवलंस तर त्या धक्क्यानंच मरतील. घाईनं दुरुस्त केलेलं घड्याळ आठवड्यात परत येतं.

सून : रविवारपर्यंत होईल?

सासरे : रविवारपर्यंत निम्मंही नाही होणार.

सून : म्हणजे दातवाले—

सासरे : नेतील. आणि तुझ्या नवऱ्याचं बरोबरच निघालं. तो म्हणत होता, बाबांना आता झेपणार नाही. मी म्हणत होतो, टाकीलाच विचार. टाकीनं उत्तर दिलं.

सून : बाबा, ऐका. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज येतोय. मी सांगते त्याला, मी पांढऱ्या कॅनमधलं ओतलं रोज. नवशिकी आहे, खपून जाईल. तुम्हीच म्हणालात, सगळे हीच चूक करतात. तो म्हणेल, बाबा उठले की होईल सगळं पूर्वीसारखं. तुम्ही फक्त गप्प राहा.

सासरे : आणि तुला बोलणी?

सून : खाईन दोन. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

मुलगा : काय चाललंय? दार उघडंच आहे. बाबा, डोळा कसा आहे?

सासरे : फर्स्टक्लास.

मुलगा : फरशीच्या रेघा दिसतात?

सासरे : मोजतोय.

मुलगा : छान. आणि हे काय, ही सगळी मिटलेली का? सकाळी बरी होती. अगं, मी विचारतोय. नुकसान काय, आणि कारण काय?

सून : मीठ जास्त झालंय.

मुलगा : कुणाकडून?

सून : माझ्याकडून. कॅनची अदलाबदल झाली.

मुलगा : तरी मी म्हणत होतो! एक साधं काम, निळा आणि पांढरा. दिवसभर हजार रंगांत असतेस, आणि घरी दोन रंग कळेनात?

सून : झालं खरं.

मुलगा : बाबांनी तुझ्या भरवशावर टाकली ना ही? त्यांना किती लागेल मनाला—

सासरे : ए, थांब. तिला बोलू नकोस. तिला रंग कळतात. तिनं निळ्यातलंच घातलं.

सून : बाबा!

सासरे : पांढऱ्यात मीठ मी जास्त कालवलं. रेघ दिसत नव्हती मला. दोन महिने दिसत नव्हती. डॉक्टरांना आठवडा म्हणालो ते खोटं होतं. आणि आत्ता तुला फर्स्टक्लास म्हणालो, तेही.

मुलगा : ...दोन महिने?

सासरे : हो.

मुलगा : बाबा, डॉक्टर मला बाहेर बोलावून काय म्हणाले ठाऊक आहे? 'लवकर आला असता तर जास्त खात्री देता आली असती.' मी म्हणालो, आठवड्यात आलो, याहून लवकर कसे येणार? भांडलो मी त्यांच्याशी. तुमच्या बाजूनं.

सासरे : ते मला माहीत नव्हतं.

मुलगा : मी रोज लोकांच्या जळलेल्या दुकानांत, बुडालेल्या गोदामांत जातो. प्रत्येक जण मला सांगतो, आदल्या दिवशीपर्यंत सगळं ठीक होतं. मी हसतो मनातल्या मनात. आणि घरी माझाच बाप—

सून : अरे, पुरे. त्यांना मान वर करायची नाहीये, आणि तू असा डोक्यावर उभा राहून बोलतोयस. खाली बस. इथं फरशीवर.

मुलगा : बसतो. बाबा, का नाही सांगितलंत?

सासरे : भीती वाटली. दुसरं काही नाही.

मुलगा : मग मला सांगायचं.

सासरे : तुलाच सांगायची भीती. तू लगेच कारण काढशील, जबाबदार कोण ते ठरवशील, आणि टाकी दातांच्या दवाखान्यात पाठवशील.

मुलगा : टाकीमुळं नाही म्हणालो मी. तुम्ही स्टुलावर चढता, वायरी ओल्या हातानं धरता. एका डोळ्यानं उद्या पडलात तर? माशांना मी काय सांगू?

सून : माशांना तू काही सांगू नकोस. आता माझं ऐका दोघं. रेघ मी बघणार.

मुलगा : तू?

सून : मीच. बाबा सांगतील, मी बघेन, आणि स्टुलावर चढायचं, बादल्या उचलायच्या ते काम तुझं. एवीतेवी व्यायामशाळेत जाऊन लोखंड उचलतोसच.

सासरे : चार दिवस बघते म्हणाली होतीस तू. 'नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा' असंही म्हणाली होतीस.

सून : म्हणाले होते. तेव्हा मला वाटत होतं ते दगड आहेत. आता आत भाडेकरू राहतात म्हणे. आणि मला त्या शिंगांचा जांभळा पुन्हा बघायचाय, पहिल्यासारखा. कुठली शेड होती ती मी तेव्हा लिहून घेतली नाही, याची चुटपुट लागलीये जिवाला.

मुलगा : आणि रविवारी डॉक्टरांना काय सांगू? त्यांनी जागा केलीये.

सासरे : सांग, ठरल्याप्रमाणे मी हरलो.

सून : मुळीच नाही. सांग, टाकी आजारी आहे. आजारी माणूस कुणी परक्याच्या घरी धाडतं का? बरी झाली की तिलाच विचारू.

मुलगा : टाकीला?

सून : टाकीलाच. बाबांनी आणि तू ठरवलं होतंत ना तसं?

मुलगा : ...दे ती नळी इकडं. बघू तरी. कुठून बघायचं?

सून : तिकडून नाही, उलटी धरलीस. उजेडाकडे. आता उजेड उतरलाय, खिडकीला चिकटून उभा राहा. काय दिसतं?

मुलगा : निळं. खाली पांढरं. आणि... हो. चाळीस. बाबा, चाळीस आहे.

सासरे : ठाऊक आहे.

मुलगा : नाही, म्हणजे... किती स्वच्छ दिसते ही रेघ. तुम्हाला ही दिसत नव्हती?

सासरे : नव्हती.

मुलगा : मी फोन करतो डॉक्टरांना. दातांच्या. आणि तुमच्याही. त्यांनाही दोन महिन्यांचं सांगायला हवं.

सासरे : दोन्ही कर. रागावतील ते.

मुलगा : रागावू देत. मी भांडणार नाही या खेपेला.

सून : फोन मग. आधी टाकीतलं एक तांब्या पाणी काढ आणि निळ्या कॅनमधलं एक तांब्या घाल. एकच. आणि हळू ओत, धबधबा नको, कोळंबीनं नवा सदरा घातलाय.

मुलगा : कसला सदरा?

सून : ती गोष्ट नंतर. बाबा, टाकीचा दिवा बदलला बघा. संध्याकाळ झाली.

सासरे : पांढरा गेला ना? मग आता तो पिवळा झोपायची जागा शोधेल.

सून : बाबा, एक सांगाल? तुमचा डावा डोळा मिटा. मिटलात? उजव्यानं काय दिसतं? वाटतं ते नको.

सासरे : रेघा नाही दिसत फरशीच्या. एकही.

मुलगा : काहीच नाही?

सासरे : पाण्याच्या तळातून वर बघावं तसं सगळं. नुसता उजेड आहे.

सून : कुठल्या रंगाचा?

सासरे : निळसर. डाव्या हाताला जरा जास्त.

सून : बरोबर, बाबा. टाकी तिकडंच आहे.